पांढऱ्या रंगाखालची तीन अक्षरं

आप्पा, गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला होता. आपल्याकडे ज्यांनी कॉमिक काढले आणि लिहिले त्यांच्यावर ती पुस्तक करते आहे. सगळ्यांवर नाही, ज्यांचं बघून पुढचे लोक शिकले तेवढ्यांवरच. माझा नंबर तिनं बऱ्याच खटपटीनं मिळवला होता, कारण तुमच्या ‘डोंगरातला पोस्टमन’च्या पुस्तकांवर दोनच नावं छापलेली आहेत. कव्हरवर ‘कल्पना व निर्मिती’ म्हणून प्रकाशनाच्या मालकांचं, आणि आतल्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात, ‘अक्षरलेखन’ म्हणून माझं. मालक वारले, म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, आज नावाजलेले चार चित्रकार मला वेगवेगळ्या गावांत भेटले आणि चौघांनीही हाच पोस्टमन सांगितला. एकजण म्हणाला, माणूस पाठमोरा काढूनसुद्धा तो रडतोय हे दाखवता येतं, हे मी त्या पुस्तकातून शिकलो. “इतक्या जणांना शिकवणारा माणूस आहे आणि त्याचं नावच कुठे नाही. चित्रं कुणी काढली? गोष्टी कोण लिहायचं?” मी म्हणाले, दोन्ही माझे वडील. ती फार सांभाळून बोलली. मालकांचा मुलगा तिला वेगळंच सांगत होता. सगळं आमच्या वडिलांच्या डोक्यातलं, चित्रं ऑफिसातली दोन-चार मुलं काढायची, आणि तुमचे वडील यायचे खरे, पण ते ट्रेसर होते, गिरवून द्यायचे. “तुमच्याकडे काही आहे का, ताई? एखादं मूळ पान, कुठेतरी त्यांची सही?” बघते म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली, आणि मी बघायला काय लागणार होते ते मला बसल्या जागी ठाऊक होतं.

एकलहऱ्याच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला आठवतं ते बंद खिडकीसकट. उन्हाळ्यातसुद्धा तुम्ही ती उघडू द्यायचा नाहीत, कारण पॉवर हाउसची राख बारीक बारीक आत यायची आणि ओल्या शाईवर बसायची. आई चिडायची. “माझा जीव गेला तरी चालंल, शाई वाळली पायजे,” असं ती भाकरी थापता थापता भिंतीला ऐकवायची. तुम्ही साडेपाचला ड्रॉइंग ऑफिसातून सुटायचात. दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्ह ट्रेस करून डोळे लाल झालेले असायचे. चहा घेऊन तुम्ही ओट्याशेजारच्या टेबलावर पानं मांडायचात, एक पाय स्टुलावर, जिभेचं टोक बाहेर. नोकरीत तुम्ही दुसऱ्याचं गिरवत होतात हे खरंच आहे. घरी मात्र तुम्ही पेन्सिलसुद्धा जेमतेम टेकवायचात, सरळ ब्रश. मी सहा-सात वर्षांची असेन तेव्हापासूनचा आपला खेळ होता. तुम्ही चित्र काढायचात, बैलाचं, बाजाराचं, सायखेड्याच्या घाटाचं, आणि त्यात कुठेतरी आपल्या नावाची तीन अक्षरं दडवायचात. बैलाच्या शेपटीत, म्हातारीच्या सुरकुत्यांत, दगडाच्या भेगेत. “दाव बरं कुठंय मी,” असं म्हणायचात. मला सापडलं की आई दुधावरची साय साखर घालून वाटीत द्यायची. मला नेहमी सापडायचं. धाकट्या भावाला कधीच नाही, तो रडायचा, आणि मग तुम्ही त्यालाही साय द्यायला लावायचात. मला त्याचा फार राग यायचा. जिंकले मी आणि खाणार तो.

रविवारी तुम्ही पहिल्या एस्टीनं पेठकडे जायचात, कधी सुरगाण्याकडे. बाकीच्यांचे बाप रविवारी मटण आणायचे. तुम्ही परत यायचात ते वहीभर पाय घेऊन. चढणीवरून मोळी आणणाऱ्या बाईचे पाय, नागलीच्या शेतातल्या पोरांचे पाय, बसची वाट पाहत बसलेल्या, मुंबईकडे कामाला निघालेल्या माणसांचे पाय. तोंडं नंतर काढता येतात म्हणायचात, पाय खोटा निघाला की माणूस उभा राहत नाही. त्यातूनच तो पोस्टमन आला. एका डोळ्यानं अधू कुत्रा सोबत घेऊन पाड्यापाड्यावर टपाल वाटणारा, आणि प्रत्येक पुस्तकात कुणाच्या ना कुणाच्या भानगडीत पाय घालणारा. मारामारी जवळजवळ नाहीच. कधी एक अख्खं पान नुसता चालतोय, संवादाचा एकही फुगा नाही, आणि मालक डोक्याला हात लावतायत की अहो, पोरांनी पैसे दिलेत, वाचायला काहीतरी द्या. तुम्ही म्हणायचात, “चालताना मानूस गप्पच ऱ्हातो, शेठ.” सुट्टीत ती पुस्तकं नाशिकरोड स्टँडच्या स्टॉलवर टांगलेली असायची. गल्लीतल्या वाचनालयांत भाड्यानं जाऊन जाऊन त्यांची कव्हरं गळून पडायची. मी स्वतः पाहिलंय, आप्पा, पोरं उकिडवी बसून दगडानं फरशीवर तो कुत्रा काढायची.

पोस्टमनचं पहिलं पुस्तक निघायचं होतं तेव्हाच, माझं अक्षर चांगलं म्हणून मालकांनी मला कामाला घेतलं. रविवार कारंजाजवळच्या बोळात, भांड्यांच्या दुकानावर ते ऑफिस होतं, खालून दिवसभर पितळेचा आवाज यायचा. काम सोपं होतं. तुमची पानं यायची, फुगे कोरे असायचे, मागे पेन्सिलीनं तुम्ही संवाद लिहिलेले असायचे. मी ते फुग्यांत शाईनं लिहायचे, मग पेन्सिलीच्या खुणा, शाईचे डाग पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकायचे, आणि पान छपाईच्या कॅमेऱ्याकडे जायचं. कॅमेऱ्याखाली जाण्याआधी पानाला शेवटचा हात अक्षर लिहिणाऱ्याचा, ही पद्धतच होती. लागून महिना झाला असेल. मालकांनी एक पान माझ्यापुढे ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला. “तुझे वडील यात कुठेतरी सही करतात म्हणे. मी सकाळपासून बघतोय, मला काही दिसत नाही. तुला दिसते का गं?” आणि मी, आप्पा, मी बावीस वर्षांची घोडी, सात वर्षांच्या पोरीसारखी फुलून गेले. दोन सेकंदही लागले नाहीत. “ही काय, कांबळीच्या दशीत!” मालकांनी कौतुकानं मान हलवली. पांढऱ्या रंगाची बाटली माझ्याकडे सरकवली. “अरे वा. पूस ती.”

त्यांनी कारण सांगितलं. तुमची नोकरी सरकारीतच मोडते, बाहेरचं काम करतात म्हणून कुणी अर्ज ठोकला तर? क्वार्टर जाईल, भावाचं शिक्षण जाईल. “आपण त्यांच्या भल्याचंच करतोय. आणि त्यांना हे सांगू नको, कलाकार माणूस, मनाला लावून घेतील.” दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण ते मला आठवड्यात कळलं. नाव छापलं की चित्रकार हलतो. मुंबईचे प्रकाशक त्याला उचलतात. मला पहिलं कारण पुरलं. खरंच घाबरले होते मी, हे तुम्ही मान्य कराल. मी ब्रश बुडवला आणि तीन अक्षरं झाकली. पण नुसतं झाकून भागत नाही ना, काळ्या रेघांत पांढरं भोक पडतं. म्हणून ते वाळल्यावर त्यावर मी तुमच्यासारखी दशी ओढली. बारीक, किंचित वाकडी, शेवटी हात उचललेला. लोक म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कुऱ्हाडीला काय ठाऊक असतं झाड कुठे कच्चं आहे ते, ते दांड्याला ठाऊक. मालकांना तुमची सही अख्ख्या जन्मात सापडली नसती. मी होते म्हणून सापडली.

पुढे ते कामच होऊन गेलं. प्रत्येक पुस्तकात तुम्ही कुठल्या ना कुठल्या पानात नाव दडवायचात आणि मी ते शोधून पुसायचे. वाळलेल्या पानाच्या शिरांत, कुत्र्याच्या अंगावरच्या खवड्यांत, दूरच्या झोपडीच्या कुडात. सापडलं की पहिल्या क्षणी आनंद व्हायचा, ते अजून आठवतं. मुलांची पत्रं यायची, त्यांना उत्तरं लिहायचं काम माझ्याकडेच. कळवणच्या एका मुलीनं पोस्टकार्डावर आपला कुत्रा काढून पाठवला होता आणि विचारलं होतं, पोस्टमनदादाचं चित्र कोण काढतं, मला त्यांच्याकडून शिकायचं आहे. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, आमचे चित्रकार मंडळ आपले आभारी आहे. मंडळ म्हणजे तुम्ही एकटे, स्टुलावर पाय टाकून, बंद खिडकीशी. ते कार्ड मी घरी आणून दाखवायला हवं होतं. दाखवलं असतं तर तुम्ही आठवडाभर हवेत चालला असतात आणि रात्री तिला पान-पानभर पाय काढून पाठवले असतेत. मी ते फाइलला लावलं.

एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. मालकांना तुमची भाषा गावंढळ वाटायची, शाळांनी पुस्तकं घ्यायला हवी असतील तर भाषा शुद्ध करा असा त्यांचा धोशा होता. तुम्ही ऐकत नव्हतात. मग मी माझ्याच बुद्धीनं एका म्हातारीच्या फुग्यात ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘लय’चं ‘फार’ केलं. पुस्तक छापून घरी आलं. तुम्ही उभ्याउभ्या चाळत होतात, त्या पानावर थांबलात. आई पोळी लाटायची थांबली, कारण तुमचा आवाज त्या घरात कधी चढलेला नव्हता. “ही म्हतारी कुठली हाय?” मी म्हणाले, पेठची. “मंग? ती ‘नाही’ म्हनली तर तिच्या डोक्यावरली मोळी खाली पडंल! दुसऱ्याचं त्वांड हाय ते. त्यातलं काढून घ्यायचा तुला काय हक?” मी म्हणाले, एका शब्दानं काय होतं आप्पा. तुम्ही पुस्तक टेबलावर ठेवलंत. म्हणालात, “लय होतं, पोरी. तिच्याकडं दुसरं काय हाय?” त्याच पुस्तकात, त्याच्या पुढच्याच पानावर, मी तुमची तीन अक्षरं एका बाभळीच्या खोडात गाडून आले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, खरंच. आईनं पोळी तव्यावर टाकली, तुम्ही हात धुवायला गेलात, आणि ते गेलं ते गेलंच.

मग मालकांनी माझं नाव छापलं. मी मागितलं नव्हतं. “इमानदारीनं काम करतेस, तुझं नाव आपण टाकू या,” म्हणाले. अक्षर लिहिणाऱ्याला कोण पळवतंय? त्यानं त्यांचं काही जात नव्हतं. मला मात्र आकाश ठेंगणं झालं. तुम्ही तर काय, ते पुस्तक घेऊन अख्खी कॉलनी पालथी घातलीत. ड्रॉइंग ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना आतलं पान उघडून दाखवलंत, “आमच्या पोरीचं नाव छापून आलंय.” कव्हर दाखवलंच नाहीत. बाहेरचं काम लपवायचं होतं म्हणून नव्हे, ते तर सगळ्या ऑफिसला माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी अर्ज करणार नव्हतं. साहेबाची पोरं तुमची पुस्तकं वाचत होती. म्हणजे पहिलं कारण त्या दिवशी संपलं. दुसऱ्या सोमवारी मी ऑफिसात गेले, तुमचं नाव शोधलं आणि पुसलं. आता कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आतल्या पानाच्या तळाशी छापलेलं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही मला मेनरोडवरून एक भिंग आणून दिलंत, पितळी दांडीचं. “बारीक काम करतीस, डोळं जपत जा.” त्या भिंगानंतर तुमची सही आणखी बारीक होत गेली. मला अजून कळत नाही, आप्पा. तुम्ही खेळत होतात का? की तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही दर वेळी एक दार किलकिलं ठेवत होतात, की या खेपेला तरी पोरगी सोडून देईल?

आईला तुम्ही सांगितलेलं होतं की छापखान्यात पानाच्या कडा कापतात, त्यात सही जाते. आई ते आजही सांगते. “त्यांची सही कडंला असायची, मशीन कापायचं,” असं माझ्या नणंदेला परवाच सांगत होती. पण आप्पा, तुम्ही कडेला कधी सही केलीच नाहीत. तुम्ही नेहमी चित्राच्या पोटात करायचात. ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला कापायची रेघ कुठून जाते ते कळत नाही होय? तुम्ही आईला खोटं सांगितलंत. ते कुणाला झाकण्यासाठी, हे मला तुम्ही गेल्यावर सुचलं.

मग केबल आली, दुपारभर टीव्हीवर कार्टून लागायला लागलं, आणि स्टॉलवरची पुस्तकं उन्हात पिवळी पडू लागली. वाचनालयं एकेक करून बंद झाली. तुम्ही रिटायर झालात, क्वार्टर सोडून जेलरोडच्या दोन खोल्यांत आलात. साखरेनं डोळे खाल्ले होते. माझं लग्न होऊन मी सिडकोत आले होते, पण पानं माझ्याकडेच यायची. शेवटचं पुस्तक तुम्ही चौदा महिने काढत होतात. पोस्टमन रिटायर होतो, सायकल खात्यात जमा करतो, आणि ज्या पाड्यांवर तो आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं घेऊन गेला तिथे एकदा मोकळ्या हातानं जाऊन येतो, एवढीच गोष्ट. रेघा थरथरत होत्या. काही ठिकाणी तुम्हाला दिसलंच नव्हतं, एकाच कुत्र्याला दोन शेपट्या होत्या, एक मी झाकली. मालकांचं लक्ष उडालं होतं, ते ऑफिस मोबाइलवाल्याला द्यायच्या बोलण्यात गुंतले होते, पान तपासायला कुणी येणार नव्हतं. मी ठरवलं, या खेपेला सही ठेवायची. नुसती ठेवायची नाही, तिच्या भोवतीच्या रेघा जरा पातळ करायच्या, म्हणजे पोरांनाही दिसेल. मी दुपारी मुलाला झोपवून भिंग घेऊन बसले. बत्तीस पानं. दुसऱ्या दुपारी पुन्हा बत्तीस पानं, उलटी धरून, उजेडापुढे धरून. दगड पाहिले, दोर पाहिले, सुरकुत्या पाहिल्या. कुठेच नाही. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा मला ती सापडली नाही, कारण ती नव्हतीच.

मी रिक्षा करून जेलरोडला आले. तुम्ही खाटेवर बसून मटार सोलत होतात, दाणे वाटीत आणि निम्मे जमिनीवर. मी विचारलं, आप्पा, यात सही कुठंय? तुम्ही म्हणालात, “नाय का? ऱ्हायली असंल.” मी म्हणाले, अशी कशी राहिली, तुमची कधी राहत नाही. तुम्ही माझ्याकडे तोंड केलंत. दिसत काही नव्हतं तुम्हाला, पण केलंत. “मंग तूच लिही की. तुझं अक्षर चांगलं हाय.” आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना टोमणा. मी तो आवाज नऊ वर्षं कानात फिरवून पाहिला आहे, त्यातून काही निघत नाही. मी बरं म्हणाले. तुमच्यासोबत मटार सोलले, चहा केला, परत आले. आणि ब्रश घेऊन बसले तर लिहायचं कुठे ते कळेना. तुमच्या बाभळीत, तुमच्या भेगेत माझ्या हातानं तुमचं नाव घातलं तर ते खोटं दिसत होतं. इतकी वर्षं पुसलेल्या जागी तुमच्यासारखी रेघ ओढताना हात कधी अडला नव्हता, तो तेव्हा अडला. उद्या करू म्हणाले. परवा छापखान्याचा माणूस आला आणि पानं घेऊन गेला. पुस्तक निघालं तेव्हा तुम्ही ते हातात घेऊन नुसतं कव्हर चाचपलंत. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. विचारलं नाहीत.

तर त्या मुलीचा फोन आल्यावर मी बघायला लागले. मूळ पानं मालकांनी ठेवून घेतलेली असायची, ती ऑफिस रिकामं करताना रद्दीत गेली, असं त्यांचा मुलगा सांगतो, आणि इथे मात्र तो खोटं बोलत नसावा. भद्रकालीतल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत बसले. भावाकडचे गठ्ठे काढले, वाळवीनं खाल्लेले. शेवटचं सोडून पस्तीस पुस्तकं जमली. पस्तीसही भिंगाखाली घातली, एक तरी सही माझ्या हातून सुटली असेल म्हणून. एखाद दिवस ताप असेल अंगात, एखाद दिवस घाई असेल. नाही, आप्पा. मी फार चोख काम केलं होतं. पॉवर हाउसमधल्या तुमच्या एका जोडीदाराकडेही गेले. तो म्हणाला, जुन्या ड्रॉइंगांवर कोपऱ्यात ‘ट्रेस्ड बाय’ म्हणून एक चौकट असायची, त्यात तुमची आद्याक्षरं हमखास मिळतील, राखेच्या पाइपलाइनच्या शीटवर वगैरे. असतीलही. त्यानं तुम्ही ट्रेसर होतात एवढंच सिद्ध होतं, आणि ते तर मालकांचा मुलगा सांगतोच आहे. वह्या तुमच्या होत्या, पायांच्या. त्या जेलरोडच्या खोल्या सोडताना आईनं बंबात घातल्या. तिला काय ठाऊक. तिला ते नुसते पाय दिसले.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. मी सांगितलं, काही सापडलं नाही. ती खरंच हळहळली. म्हणाली, “माझा तुमच्यावर विश्वास आहे, ताई. पण दोन माणसं दोन गोष्टी सांगतायत, मी छापणार काय? एकच गोष्ट मला खटकते. तेव्हाचा प्रत्येक चित्रकार कुठे ना कुठे सही करायचा, चोरून का होईना. तुमच्या वडिलांची पस्तीस पुस्तकांत एकदाही कशी नाही?” आप्पा, मला वाटतं तिनं तो प्रश्न मुद्दाम विचारला होता. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, असं काहीतरी की ज्यात माझा फायदा नाही, म्हणजे ते खरंच असणार. ते माझ्याकडे होतं. पस्तीस जागा मला पाठ आहेत, कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, कशाच्या आड. मी त्या सांगितल्या असत्या तर तिनं पानं उघडून ताडून पाहिली असती, प्रत्येक जागी एक रेघ जराशी निराळी आहे हे तिच्या सवयीच्या डोळ्याला दिसलं असतं, आणि मालकांच्या मुलाचं काही चाललं नसतं. मी म्हणाले, “ते सही करतच नव्हते. त्यांना नावाची हौस नव्हती.” ती म्हणाली, किती मोठा माणूस. आणि कळफलकावर काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला, आणि मला हायसं वाटलं.

म्हणून हे लिहायला बसले. पस्तीस जागांतल्या चार-पाच सांगता सांगता इथे येऊन गेल्या, उरलेल्या एका कागदावर लिहून याला टाचता येतील. तुम्हाला हे पाठवता येत नाही. तिला येतं. तिचं पुस्तक महिनाअखेरीस छापायला जाणार आहे, तिचा पत्ता माझ्या डायरीत आहे, टपालपेटी आमच्या बिल्डिंगच्या फाटकाला लागून आहे. आईला धक्का बसेल, असं कारण मी काल दिवसभर स्वतःला दिलं. मुलगा मोठा झाला आहे, तो काय म्हणेल, असंही देऊन पाहिलं. पण खरं तेवढंच सांगते. तिनं मला तिच्या पुस्तकातल्या आपल्या पानाचं प्रूफ पाठवलं आहे. डोंगरातला पोस्टमन, चित्र आणि लेखन अज्ञात, अक्षरलेखन आणि माझं नाव. मोठ्या, छान टायपात. मी ते चार वेळा काढून पाहिलं, आप्पा, आणि चारही वेळा मी फक्त शेवटची ओळ वाचली.